कोड सगळ्यांचा, जबाबदारी आमची

आम्ही कारखान्यांच्या देखभाल विभागासाठी सॉफ्टवेअर बनवतो. कोणतं यंत्र कधी बंद पडलं, पुढचं ऑइलिंग कधी आहे, कोणता सुटा भाग स्टोअरमध्ये शिल्लक आहे, कोणत्या गेजचं कॅलिब्रेशन संपत आलंय, कोणती वर्क ऑर्डर कुणाच्या नावावर पडून आहे, हे सगळं त्यात येतं. सॉफ्टवेअर पूर्णपणे ओपन सोर्स आहे. कुणीही ते उतरवून घ्यावं, स्वतःच्या सर्व्हरवर बसवावं, हवं तसं बदलावं. आम्हाला कळवायचीही गरज नाही. तरीही याच सॉफ्टवेअरच्या जोरावर आमच्या सगळ्यांचे पगार होतात. हे कसं जमवलंत, असं नव्याने कंपनी काढू पाहणारे नेहमी विचारतात. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

सोर्स, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला, वाचता-बदलता येणारा कोड, खुला का ठेवला, इथून सुरुवात करायला हवी. पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघाले. कंपनी काढण्याआधी मी आणि माझे भागीदार दुसऱ्या कंपन्यांच्या बंदिस्त सॉफ्टवेअरचं इम्प्लिमेंटेशन, म्हणजे ते बसवून चालू करून देण्याचं काम, करायचो. मोठा कॉम्प्रेसर किंवा बॉयलर वीस-पंचवीस वर्षं चालतो आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहासही तेवढीच वर्षं लागतो. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी मात्र इतकी वर्षं त्याच उत्पादनाला धरून बसत नाही. ती विकली जाते, उत्पादन गुंडाळते, नाहीतर नव्या आवृत्तीसाठी सगळं पहिल्यापासून विकत घ्यायला लावते. एका कारखान्यात व्हेंडरने हात वर केल्यावर डेटाबेसची रचना समजणारं कुणी उरलं नव्हतं, आणि देखभाल प्रमुख जुन्या नोंदी स्क्रीनवरून एकेक करून छापून फायलीला लावून घेत होते. यंत्राच्या आयुष्याइतकं टिकणारं सॉफ्टवेअर द्यायचं, तर आम्ही उद्या नसलो तरी ते चालवता आलं पाहिजे. सोर्स खुला ठेवण्याखेरीज याची खात्री देणारा दुसरा मार्ग आम्हाला दिसला नाही.

मग आला लायसन्सचा, म्हणजे कोड कोणत्या अटींवर वापरू द्यायचा याचा, प्रश्न. पुष्कळ जण तो वकिलावर सोपवून मोकळे होतात. माझ्या मते हा धंद्याचा पहिला निर्णय आहे आणि तो संस्थापकांनी स्वतः बसून घ्यावा. अपाचे २.० हे लायसन्स बरंच मोकळं. त्यातला कोड घेऊन कुणी बंदिस्त उत्पादन बनवलं तरी चालतं. जीपीएल या दुसऱ्या लायसन्सची अट अशी की सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिलंत तर सोर्सही द्या. पण १९९१ च्या जीपीएल २ च्या काळात सॉफ्टवेअर प्रत्यक्ष हातातून हातात जायचं. आज ते कुणाच्या तरी सर्व्हरवर चालतं आणि आपण ब्राउझरमधून वापरतो. तिथे कोड कुणाला 'दिला' असं होतच नाही, त्यामुळे अटही लागू होत नाही. २००७ मध्ये आलेल्या एजीपीएल ३ या जीपीएलच्याच प्रकाराने ही फट बुजवली: बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही त्याचा सोर्स मिळाला पाहिजे.

आम्ही एजीपीएल निवडलं. त्याची किंमतही मोजली. काही मोठ्या कंपन्या एजीपीएलचं नाव दिसलं की पुढचं वाचत नाहीत. गूगलने तर कंपनीत एजीपीएलचा कोड वापरायला जाहीरपणे मनाई केली आहे. सुरुवातीची काही बोलणी केवळ यामुळे फिसकटली. बदल न करता आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कारखान्यावर एजीपीएलचं काहीच ओझं येत नाही, हे समजावणारं एक पानभर टिपण आम्ही तयार केलं आणि विक्रीच्या पहिल्या भेटीतच कायदा विभागाला द्यायला लागलो. निम्मी भीती त्या पानाने गेली.

याहून मोठा निर्णय होता बाहेरच्या लोकांनी पाठवलेल्या कोडचा. त्याचा हक्क कुणाकडे राहणार? मायएसक्यूएल हा डेटाबेस बनवणाऱ्या मायएसक्यूएल एबी कंपनीने दुहेरी लायसन्सवर उत्तम धंदा उभारला होता. जीपीएल पाळायची तयारी असेल तर फुकट, नसेल तर पैसे भरून व्यापारी लायसन्स. सन या संगणक कंपनीने ती कंपनी २००८ मध्ये सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली. पण ही पद्धत चालायला सगळ्या कोडवर एकाच कंपनीचा ताबा लागतो. म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाकडून 'माझा कोड तुम्ही कोणत्याही लायसन्सखाली द्या' अशा करारावर सही घ्यावी लागते. दुसरा रस्ता लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा. तिथे २००४ पासून प्रत्येक बदलाखाली लिहिणारा 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ जोडतो, म्हणजे हा कोड द्यायचा आपल्याला अधिकार आहे असं प्रमाणित करतो. मालकी मात्र त्याच्याकडेच राहते.

आम्ही कर्नलचा रस्ता धरला. त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता: पुष्कळ जणांचा कोड एकत्र मिसळला की कंपनीला लायसन्स एकतर्फी बदलता येणार नाही. उद्या पैशांची ओढाताण झाली तरी तो दरवाजा बंद. आमच्या एका भागीदाराला हे धोक्याचं वाटत होतं आणि त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये शोधयंत्रणेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने अपाचे लायसन्स सोडलं, ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या साधनासाठी स्पर्धकांच्या वापराला मर्यादा घालणारं बिझनेस सोर्स लायसन्स आणलं, मार्च २०२४ मध्ये डेटाबेस बनवणाऱ्या रेडिसनेही आपलं खुलं लायसन्स सोडलं. या कंपन्यांना मी दोष देत नाही. आपण लिहिलेल्या कोडवर मोठा क्लाउडवाला कमावतोय आणि देखभालीचा खर्च मात्र आपण उचलतोय, हे बघत बसणं सोपं नाही. पण प्रत्येक वेळी फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून दुसऱ्यांनी काढलेला वेगळा प्रकल्प, निघाला: ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की. आणि प्रत्येक वेळी आमच्या ग्राहकांचे फोन आले. तुम्हीही बदलणार का? आमच्याकडे धड उत्तर होतं. आम्हाला बदलताच येत नाही. हवं तर कोडचा इतिहास उघडून बघा, मालक किती जण आहेत ते दिसेल. त्या काळात सह्या झालेल्या करारांपैकी काही या एका उत्तरावर झाले असं मला ठामपणे वाटतं. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय उपलब्ध करून दिला.

आता पैशांकडे येते. पहिली कमाई सरळ होती: बसवून देणं, जुना डेटा आणणं, लोकांना शिकवणं. देखभाल विभागाच्या एक्सेल फायलींत एकाच पंपाची पाच नावं सापडतात. एका पाळीने 'पंप ३' लिहिलेलं, दुसरीने 'कूलिंगचा जुना', तिसरीने नुसता मेकचा नंबर. हे साफ करणं वेळखाऊ असतं, पण त्याचे पैसे द्यायला कुणी का-कू करत नाही, कारण काम डोळ्यांना दिसतं.

त्यानंतर कस्टमायझेशन. एकाला वर्क ऑर्डरवर तीन मंजुऱ्या हव्या, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला रात्रपाळीत एकच पण सकाळी पुन्हा तपासणी. प्रत्येक ग्राहकासाठी कोडची वेगळी शाखा काढली की बिल लगेच होतं. मात्र पुढची आवृत्ती आली की तेच बदल प्रत्येक शाखेत हाताने मिसळावे लागतात, आणि ग्राहक जितके वाढतात तितकी ही मिसळणी वाढत जाते. एक ना धड भाराभर चिंध्या. सेवा विकणाऱ्या कित्येक कंपन्या इथेच अडकतात. माणसं वाढतात, उत्पादन मात्र जागचं हलत नाही. म्हणून आम्ही नियम केला: ग्राहकासाठी लिहिलेली सोय एकतर मूळ कोडमध्ये जाईल, नाहीतर ठरलेल्या जोडणीच्या जागी स्वतंत्र मॉड्यूल म्हणून राहील. एका ग्राहकापुरता मूळ कोडला हात लावायचा नाही.

हा नियम करारात उतरवताना खरी कसोटी लागली. एका मोठ्या ग्राहकाच्या वकीलबाईंनी स्पष्टच विचारलं, "पैसे आमचे, मग कोड आमच्या स्पर्धकाला फुकट का मिळावा?" प्रश्न रास्त होता. आम्ही कोटेशनमध्ये दोन रकाने केले. पहिल्यात सोय सगळ्यांच्या कोडमध्ये जाणार. लिहिण्याचा खर्च एकदाच, पुढचा सांभाळ आमच्याकडे. दुसऱ्यात ती फक्त त्यांची राहणार. लिहिण्याचा खर्च तोच, पण दर आवृत्तीला ती जुळवून तपासण्याचा खर्च दरवर्षी त्यांच्याकडे. "मंजुरीच्या पायऱ्या हे तुमचं धंद्याचं गुपित आहे का, मॅडम?" असं मी विचारलं. त्यांनी देखभाल प्रमुखांकडे पाहिलं, ते नाही म्हणाले. पहिल्या रकान्यावर सही झाली. यंत्राच्या सेन्सरमधून त्यांची उत्पादनपद्धत उघड होईल असा एक भाग होता, तो मात्र दुसऱ्या रकान्यात गेला आणि आजही त्यांच्याकडेच आहे. पुढे बहुतेक ग्राहकांनी असंच निवडलं.

तरी सेवेची कमाई ही कामाच्या तासांची कमाई. काम थांबलं की पैसे थांबतात, आणि मूळ कोडची देखभाल कुणाच्याच बिलात बसत नाही. नियमित उत्पन्न हवं होतं. सगळ्यांसमोर दाखला असतो लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीचा. त्यांनी २००२ मध्ये कंपन्यांसाठी ॲडव्हान्स्ड सर्व्हर ही लिनक्सची आवृत्ती आणली, २००३ मध्ये खोक्यातून विकलं जाणारं रेड हॅट लिनक्स बंद करून समुदायासाठी फेडोरा वेगळं काढलं आणि कंपन्यांना सब्स्क्रिप्शन विकायला घेतलं. २०१२ च्या आर्थिक वर्षात त्यांचं उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं, २०१९ मध्ये आयबीएमने त्यांना ३४ अब्ज डॉलरला घेतलं. पण हा दाखला जसाच्या तसा उचलून चालत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम एकेका ग्राहकाकडे हजारो सर्व्हरवर असते. हार्डवेअरवाले आणि डेटाबेसवाले तिच्यावर आपलं उत्पादन तपासून प्रमाणपत्र देतात, आणि त्या प्रमाणपत्रासाठीच सब्स्क्रिप्शन घ्यावं लागतं. आमच्यासारखं सॉफ्टवेअर एका कारखान्यात एकदाच बसतं. रेड हॅटकडून घ्यायची ती एकच गोष्ट: ग्राहक ज्या आवृत्तीवर उभा आहे ती वर्षानुवर्षं सांभाळण्याचे पैसे घ्या.

सब्स्क्रिप्शनची एककं ठरवताना आम्ही बराच खल केला. वापरकर्त्यागणिक दर लावणं ही या धंद्यातली रूढ पद्धत. देखभालीत ती घातक आहे. दर माणशी पैसे म्हटलं की कारखाना चार लॉगिन घेतो आणि सगळे फिटर तेच वापरतात. मग बेअरिंग कुणी बदललं, वंगण कोणतं घातलं, याची नोंदच खोटी ठरते, आणि अपघातानंतर चौकशीला नेमकी तीच नोंद लागते. म्हणून आम्ही दर कारखान्याला दर लावला, माणसं कितीही असोत. वर प्रतिसादाच्या वेळेनुसार दोन पातळ्या.

विकायला निघालो तेव्हा अडचण आली खरेदी विभागात. देखभाल प्रमुख राजी, आयटी प्रमुख राजी, आणि खरेदी अधिकारी विचारतात, "मॅडम, सॉफ्टवेअर तर फ्री आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग हे कोटेशन कशाचं?" मी म्हणायचे, "साहेब, पैसे भरले नाहीत तरी सॉफ्टवेअर चालेल, हे मी लिहून देते. पण रात्री दोनला ते थांबलं तर कुणाला जाब विचारायचा, हे या कागदात आहे." त्यांच्या सिस्टिममध्ये लायसन्सची संख्या टाकल्याशिवाय पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघत नव्हती. अशा ठिकाणी 'वार्षिक सेवा, संख्या एक' असं लिहून घेतलं. हे कागदोपत्री तपशील किरकोळ वाटतील, पण ओपन सोर्स कंपनीची कितीतरी विक्री इथेच अडते. खरेदी विभागाला समजेल असं कोटेशन, सेवेची नेमकी व्याप्ती, नुकसानभरपाईची मर्यादा, कोडवर कुणी बौद्धिक संपदेचा दावा ठोकला तर आम्ही काय करू याचं कलम, हे सगळं तयार असलं की बोलणी अर्ध्या वेळात उरकतात.

दुसऱ्या वर्षीचा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड असतो. "गेल्या वर्षी आम्ही एकही तक्रार नोंदवली नाही. मग पुन्हा पैसे कशाला?" सॉफ्टवेअर नीट चाललं म्हणून नूतनीकरण अडतं. देखभाल विभागाला हे दुखणं चांगलंच ओळखीचं. यंत्र बंद पडलं नाही की त्यांच्याही बजेटला कात्री लागते. तेव्हापासून आम्ही दर वर्षाअखेर प्रत्येक ग्राहकाला अहवाल देतो: तुमच्या आवृत्तीत वर्षभरात कोणते दोष दुरुस्त झाले, त्यातले सुरक्षेचे कोणते, यातला कोणता तुमच्या वापराला भिडला असता, तुमच्या डेटाबेसच्या नव्या आवृत्तीवर आम्ही काय तपासलं. नुसती यादी पाठवत नाही. देखभाल प्रमुखांसोबत बसून वाचतो. नूतनीकरण टिकलं ते या बैठकांमुळे.

यातलं सगळ्यात कष्टाचं आणि बाहेर सगळ्यात कमी दिसणारं काम म्हणजे बॅकपोर्ट, नव्या कोडमधली दुरुस्ती जुन्या आवृत्तीवर बसवणं. दोष सापडतो तेव्हा तो चालू कोडमध्ये दुरुस्त करणं बहुतेक वेळा सोपं जातं. पण कारखाना चार वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर असतो आणि त्याला नवी नको असते, कारण प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा तपासणी, पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा ऑडिट. मग ती दुरुस्ती जुन्या कोडवर बसवायची. तिथे फाइल वेगळी, फंक्शन वेगळं, कधी तो भागच पुढच्या आवृत्तीत नव्याने लिहिलेला असतो. दुरुस्ती बसवायची आणि वागणुकीत दुसरं काहीही बदलू द्यायचं नाही. समुदायातल्या कुणालाही हे काम हौसेने करावंसं वाटत नाही आणि ते स्वाभाविक आहे. जे हौसेने होत नाही पण झालंच पाहिजे, त्याचेच पैसे घ्यायचे, हे आमच्या धंद्याचं सूत्र इथे पक्कं झालं.

डिसेंबर २०२१ मध्ये त्याची परीक्षा झाली. आमचं सॉफ्टवेअर जावा या प्रोग्रामिंग भाषेत आहे आणि स्वतःच्या कामकाजाच्या नोंदी लिहायला लॉगफोरजे हा तयार ओपन सोर्स घटक वापरतं. त्यातला, लॉगफोरशेल नावाने गाजलेला दोष जाहीर झाला. नोंदीत एक विशिष्ट ओळ लिहायला लावली की हल्लेखोराला सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. गंभीरतेचे गुण दहापैकी दहा. आम्ही त्याच दिवशी तात्पुरता बचाव कसा करायचा ते सगळ्यांसाठी जाहीर केलं. मग लॉगफोरजेची दुरुस्त आवृत्ती २.१५.० आली, ती अपुरी ठरली. २.१६.० आली, तिच्यात सेवा बंद पाडता येईल असा दोष निघाला. २.१७.० आली, आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. आम्ही सांभाळत असलेल्या प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी चारही वेळा पॅकेज बांधलं, तपासलं, पाठवलं. ज्यांचं नेटवर्क बाहेरच्या जगापासून तोडलेलं होतं त्यांच्यासाठी वेगळ्या सूचना काढल्या. सहकाऱ्यांनी त्या दिवसांत जे केलं त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

त्याच वेळी एक प्रश्न समोर आला: पैसे न भरणाऱ्यांना काय द्यायचं? सुरक्षेच्या दुरुस्तीचा सोर्स सगळ्या आवृत्त्यांसाठी, सगळ्यांना, एकाच वेळी खुला, असं आम्ही ठरवलं. पैसे भरणाऱ्याला तयार आणि तपासलेलं पॅकेज, फोनवर माणूस आणि बसवून होईपर्यंत सोबत मिळते. कुणी म्हणेल, सोर्स दिलात म्हणजे सगळंच दिलंत. अनुभव वेगळा आहे. स्वतः बांधून घेणारे थोडे, आणि ते आधीही ग्राहक नव्हतेच. पण असुरक्षित अवस्थेत चालणारी प्रत्येक प्रत आमचंच नाव घालवते, आणि त्या पडद्यापुढे बसलेला माणूस खरोखरीच्या यंत्रावर काम करत असतो.

लॉगफोरजे अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात, हे तेव्हा अनेकांना प्रथमच उमगलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फायली दाबून लहान करणाऱ्या, लिनक्सवर सर्रास असणाऱ्या साधनाचं प्रकरण झालं. वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने सांभाळणाऱ्या, थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवून कुणीतरी त्या कोडमध्ये चोरदरवाजा ठेवला होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो सापडला. आम्ही आमच्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या घटकांची यादी काढली, कोणता घटक किती जण सांभाळतात ते पाहिलं, आणि सब्स्क्रिप्शनच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा त्या सांभाळणाऱ्यांना द्यायला लागलो. जिथे पैसे घ्यायची सोय नव्हती तिथे आमच्या इंजिनिअरचा वेळ दिला. ग्राहक आमच्यावर विसंबतो, आम्ही त्यांच्यावर. मग त्यांना वाऱ्यावर सोडून कसं चालेल?

सोयी पैशांमागे ठेवाव्यात का, यावर आमच्यात खूप वाद झाला. मूळ भाग खुला, एंटरप्राइझ भाग बंद, ही पद्धत आज सर्रास दिसते. डेव्हलपरांना कोड ठेवायला सॉफ्टवेअर देणाऱ्या गिटलॅबचा विचार असा की सोय कुणाला हवी त्यावर ठरवा: एकट्या डेव्हलपरला लागणारी खुली, व्यवस्थापकांना लागणारी पैशांची. धंद्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या ओडू या सॉफ्टवेअरने २०१५ मध्ये नवव्या आवृत्तीपासून एंटरप्राइझ आवृत्ती वेगळी केली. एका गुंतवणूकदारांनी आम्हाला हाच सल्ला दिला: एकच लॉगिन सगळीकडे चालण्याची सोय आणि बदलांची ऑडिट नोंद, या दोन्ही मोठ्या कंपन्यांना लागतातच, त्या बंद करा. पैशांचा हिशेब त्यांच्या बाजूने होता, हे मान्य. पण या दोन्ही सुरक्षेच्या सोयी आहेत. छोट्या कारखान्याने पैसे भरले नाहीत म्हणून तिथे कुणी नोंद बदलली हे कळू नये, हे मला पटलं नाही. शिवाय कंपनीने एकदा बंद भाग ठेवला की समुदायातून कुणी त्याच सोयीचा खुला कोड पाठवला, तर तो नाकारायची वेळ येते. स्वतःच्याच प्रकल्पाला चांगलं होऊ न देण्यात आपला फायदा, असल्या कात्रीत मला पडायचं नव्हतं. आम्ही सगळ्या सोयी खुल्या ठेवल्या. ते भांडवल आलं नाही, वाढ हळू झाली, काही वर्षं पगारवाढीत हात आखडता घ्यावा लागला. सहकाऱ्यांनी हे समजून घेतलं, कारण निर्णय त्यांच्यासमोर चर्चा होऊन झाला होता.

ट्रेडमार्कबद्दल थोडं सांगते. कोड खुला असला तरी नाव खुलं नसतं. लायसन्स नावाचा हक्क देत नाही. एका होस्टिंग कंपनीने आमच्या जुन्या आवृत्तीत बरेच बदल करून ती आमच्याच नावाने आणि बोधचिन्हाने विकायला घेतली होती. त्यांच्या बदलातले दोष आमच्याकडे नोंदवले जाऊ लागले. आम्ही बदललेला सोर्स मागितला, तो त्यांनी दिला. नावाबाबत मात्र ठाम राहिलो. सेंटओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम रेड हॅटच्याच सोर्सवरून बांधली जायची, पण रेड हॅटचं नाव आणि चिन्हं काढून, हा सर्वमान्य पायंडा होता. जसंच्या तसं चालवाल तर आमचं नाव खुशाल वापरा, बदल केलात तर नाव तुमचं ठेवा, असं धोरण लिहून जाहीर केलं. त्यांनी नाव बदललं. त्यांची सेवा आजही चालू आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण नोंदणी आम्ही पहिल्या वर्षीच केली होती म्हणून हे पत्रव्यवहारावर मिटलं.

प्रत्येक कारखान्यात आम्ही पोचू शकत नाही, म्हणून इम्प्लिमेंटेशन करणारे भागीदार जोडले. इथे कॉम्पिएरेचं उदाहरण डोळ्यासमोर होतं. ते एके काळचं नावाजलेलं ओपन सोर्स ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. कंपनी आणि समुदाय यांचं पटेनासं झालं आणि २००६ मध्ये ॲडेम्पिएरे नावाचा फोर्क निघाला. कोडला हातभार लावणाऱ्यांना निर्णयात जागा हवी, हे आम्ही त्यावरून घेतलं. आमच्याकडे भागीदाराची श्रेणी फक्त विक्रीवर ठरत नाही. त्याने मूळ कोडमध्ये किती दुरुस्त्या दिल्या हेही मोजतो. सातत्याने चांगलं काम करणाऱ्या बाहेरच्या लोकांना मेंटेनर म्हणून कोड मर्ज करायचे, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील करून घ्यायचे, अधिकार आहेत, आणि त्यातले काही जण आमच्याकडे नोकरीला नाहीत. पुढच्या आवृत्तीत काय येणार याची चर्चा उघड्यावर होते. एका मोठ्या ग्राहकाने हवी असलेली सोय बाहेरच्या एका मेंटेनरने कारणं देऊन परतवली होती. ग्राहक नाराज झाले. आम्ही ती स्वतंत्र मॉड्यूल म्हणून दिली, मूळ कोड होता तसा ठेवला. ग्राहकाच्या आयटी प्रमुखांनी पुढे मला सांगितलं की तुम्ही आमच्यासाठीही नियम वाकवला नाहीत, म्हणून दुसऱ्या कारखान्याचं कामही तुम्हालाच देतोय.

सध्या आमचा वेळ जातोय युरोपच्या सायबर रेझिलियन्स ॲक्टमध्ये. तो डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. दोष कळवण्याची बंधनं सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. धंदा न करता ओपन सोर्स सांभाळणाऱ्या संस्थांसाठी त्यात सौम्य नियम आहेत, पण आमच्यासारखी पैसे कमावणारी कंपनी उत्पादक म्हणूनच धरली जाणार. सुरक्षेच्या दुरुस्त्या साधारण किमान पाच वर्षं द्याव्या लागतील. कामाचं ओझं आहे, पण तक्रार नाही. इतकी वर्षं आम्ही जे विकत आलो तेच आता कायदा मागतोय. युरोपात ग्राहक असलेल्या भागीदारांना घेऊन आम्ही दीर्घकाळ सांभाळायच्या पुढच्या आवृत्तीची मुदत सात वर्षांवर नेतोय. सातव्या वर्षी बॅकपोर्ट कोण करणार, त्या लोकांना आत्तापासून जुना कोड कसा शिकवायचा आणि त्याचा खर्च सब्स्क्रिप्शनच्या दरात किती धरायचा, याचा तक्ता तयार होतोय. मसुदा पूर्ण झाला की नेहमीप्रमाणे तो सगळ्यांसमोर टीकेसाठी ठेवू.